गुप्तीवाल्या आबांच्या ओसरीवर

मोबाइल, घड्याळ, चष्म्याची प्लॅस्टिकची फ्रेम, सगळं इथंच ठेवा. पागोटं बांधता येत नसेल तर डोक्यावर ओला पंचा घ्या, चालेल. आपल्याला बीडला जायचंय, पण बसस्थानकावर उतरायचं नाही. सव्वाशे वर्षं मागं सरकायचं आणि वैशाखातल्या एका दुपारी राजुरी वेशीतून पायी आत शिरायचं. रेल्वेनं का नाही, असं विचारू नका. त्या गाडीची वाट हे गाव 2025 सालापर्यंत पाहणार आहे.

वेस ओलांडली की पहिला तडाखा उन्हाचा. दगडी भिंतींनी सकाळपासून जमवलेली धग आता दोन्ही बाजूंनी अंगावर येते. धूळ इतकी तापलीय की टेकलेला पाय लगेच उचलावासा वाटतो. त्यामागून वास येतात: शेणाचा, तंबाखूचा, करडईच्या तेलात तळलेल्या कशाचा तरी, आणि या सगळ्यांवर मांड ठोकून बसलेला कमावलेल्या चामड्याचा. तरवडाच्या सालीत मुरलेल्या कातड्याचा हा वास नाकातून लवकर जात नाही. नाक मुरडू नका. याच चामड्याच्या छागळीतलं पाणी थोड्या वेळानं तुम्ही ओंजळ पुढे करून मागणार आहात. बीडची छागळ आणि बीडची गुप्ती, या दोन जिनसांसाठी निजामाच्या मुलखात या गावाचं नाव घेतात.

बैलगाडीच्या चाकाची करकर, पखालवाल्याची आरोळी, कुठंतरी पोलादावर फिरणाऱ्या धारेच्या चाकाचा कानात घुसणारा आवाज. आणि त्यातून अचानक दहा-बारा माणसांचा एकदम गलका: “हत्ती, हत्ती! आबा, हत्ती गेला!”

दचकून भिंतीला चिकटायचं कारण नाही. हा हत्ती लाकडाचा आहे आणि बोटभर उंचीचा आहे. आवाजाच्या दिशेनं चला.

कडुनिंबाच्या सावलीतली ती ओसरी गुप्ती करणाऱ्या आबांची. त्यांची बोटं बघा, काळवंडलेली, कडेला पोलादाच्या बारीक चिरा पडलेली. दुपारच्या उन्हात भात्यापाशी बसवत नाही म्हणून काम थांबलंय आणि पट मांडलाय. भोवती कचेरीतला एक कारकून, पानाचा डबा मांडीवर घेतलेले चाचा, एक वाणी, दोन पोरं, आणि ज्यांचं इथं काहीच काम नाही असे सात-आठ जण. तुम्हाला पाहून कुणी चकित होत नाही. “पाव्हणं, खेळता का?” एवढंच विचारतात. तुम्ही हो म्हणता. म्हणणारच! घरी रात्र-रात्र जागून इंग्रजी नावांचे डाव पाठ केलेत, संगणकाला दुसऱ्या पायरीवर हरवलंय, हे सगळं मनात उसळलेलं असतं.

बसा. घोंगडी टोचते, सवय होईल.

आता पटाकडे नीट बघा, कारण पहिली अडचण इथंच आहे. लाल कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं घरं आखलीत, चौसष्टच आहेत, पण सगळी एकाच रंगाची. काळं-पांढरं काही नाही. ज्या तिरप्या रेघा तुमच्या डोळ्यांना फुकटात दिसायच्या, त्या इथं मनानं ओढायच्या. मोहरी कातारी माणसानं कातलेली, लाखेनं रंगवलेली, एक फौज तांबडी, एक हिरवी. घोड्याला तोंड नाही, हत्तीला सोंड नाही. नुसत्या कमीजास्त उंचीच्या गाठी. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही उंट समजून घोडा उचलणार आणि पोरं फिदीफिदी हसणार. दुसरं म्हणजे तुमच्या राजासमोर त्यांचा राजा नाही, वजीर आहे. राजे एकमेकांच्या समोर बसत नाहीत, आडवेतिडवे बसतात.

तुम्ही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवता.

“अहो, अहो!” कारकून तुमचं मनगट धरतो. “घाई कशाची? एक घर.”

एकच घर. पहिल्या चालीलाही. ही देशी तऱ्हा. तुम्ही पाठ केलेल्या डावांपैकी निम्मे इथं पहिल्याच चालीला वारले. मध्यावर धावत जाऊन ठाण मांडायचं, मग किल्लेकोट करून राजा लपवायचा, मग हल्ला, असा तुमचा बेत. यातला किल्लेकोटही इथं नाही. थोड्या वेळानं तुम्ही राजा आणि हत्ती एकाच चालीत उचलाल तेव्हा चाचा पान चघळायचं थांबवून म्हणतील, “मियाँ, एक हाथ में दो मोहरे? चोरी करते क्या?”

छागळीतलं पाणी प्या. गार आहे ना? चामड्याची चव लागते ती लागतेच.

आबा मात्र बोलत नाहीत. त्यांनी राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे घेतलं. मग वजिराच्या बाजूचं एक प्यादं एक घर. मग त्या पहिल्या प्याद्यानं मोकळ्या केलेल्या घरात उंट आणून बसवला. घोडा त्याच्यापुढे. बस्स. मध्यावर काही नाही, हल्ला नाही, हातघाई नाही. सगळं सैन्य आपल्याच तीन ओळींत. तुम्हाला वाटतं, म्हातारा घाबरला.

त्यांच्या मागं भिंतीला टेकवलेली काठी बघा. शिसवी मूठ, साधीसुधी, म्हाताऱ्यानं देवळात जाताना हातात धरावी तशी. मूठ पिळून ओढली की आतून हातभर पोलाद बाहेर येतं. आबांचा हा बचाव त्याच भट्टीत घडलाय. कोपऱ्यात दडलेला उंट म्हणजे पातं. मधलं एखादं प्यादं हललं की ते सरळ तुमच्या हत्तीपर्यंत जातं. मध्यात जितकं पुढे याल तितकी त्याला वाट मोकळी.

आणि मग ती चाल येते, ज्यासाठी भोवतीचे लोक थांबलेत. उंट आपलं घर सोडून बाहेर पडतो, आणि पुढच्याच चालीला आबांचा राजा अडीच घरं उडी मारून त्या रिकाम्या घरात जाऊन बसतो. घोड्यासारखा. राजा!

तुम्ही आक्षेप घेता. सगळे एकदम समजावू लागतात, त्यातलं अर्धं मराठी, अर्धं दखनी, सगळं मोठ्यानं. गाळून सांगतो: डावात एकदा राजाला घोड्याची उडी घेता येते, पण शह बसण्याआधीच. एकदा का शह लागला, मग तो शह कसाही वाचवलेला असो, उडीचा हक्क संपला. म्हणजे तुमच्या पुस्तकांनी नाकारलेला रिकामा शह, ज्यानं काहीच मिळत नाही असं गुरुजी सांगतात, तो इथं सोन्याच्या मोलाचा. तुम्ही तो दिला नाहीत. आबांचा राजा तीन प्याद्यांच्या आड जाऊन बसला. पुढच्या पंधरा चालींत तुमची फौज त्या तटावर डोकं आपटते, कोपऱ्यातून निघालेला उंट तुमचा हत्ती उचलतो, आणि पहिला डाव तुम्ही हरता. वाणी म्हणतो, “शिकलेलं दिसतंय पाव्हणं, पर खेळलेलं न्हाई.”

दुसरा डाव मांडेपर्यंत आबा चिलीम ओढतील. तेवढ्यात तुम्हाला एक जागा दाखवून आणतो. राजाला एक उडी मिळते, तशी तुम्हालाही एक. परतीची सोय माझ्याकडे.

साल 1855. कलकत्ता. अंगाला घाम चिकटतो, बीडच्या कोरड्या उन्हाची आठवण यावी असा दमट उकाडा. टेबलाच्या एका बाजूला जॉन कॉक्रेन, स्कॉटिश बॅरिस्टर. दुसऱ्या बाजूला महेशचंद्र बॅनर्जी, मुफस्सलातून आलेले ब्राह्मण, देशी तऱ्हेवर वाढलेले, साहेबी नियम मोठेपणी शिकलेले. नियम शिकले, पण हाडात मुरलेली चाल गेली नाही. दोन घरांची मुभा असूनही ते घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवतात आणि मागं उंट बसवतात. आबांचाच बचाव! युरोपातल्या लोकांना हा प्रकार इतका अनोळखी वाटला की पुढे या साऱ्या घराण्याला ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव चिकटलं. आज या डावात महेशचंद्रांनी जी मांडणी केलीय, तिला जग ग्रुनफेल्ड म्हणेल. पण अर्न्स्ट ग्रुनफेल्ड ती 1922 मध्ये खेळेल, अजून सदुसष्ट वर्षांनी. अर्थात कुणाच्या नावानं काय ओळखलं जातं, यावर रागावण्यात दुपार घालवायची नाही. हल्ला बघा.

कॉक्रेन घाई करत नाही. मध्यातली प्यादी मारामारीत बदलून घेतो, उंट लांब कडेला नेतो, वजीर एका बाजूला ठेवतो. त्या वजिराची तिरपी नजर सरळ महेशचंद्रांच्या राजाकडे लागलेली आहे, मध्ये फक्त एक प्यादं. हत्ती एकदा इकडे, एकदा तिकडे, समोरचा वजीर हुसकत राहतो. मग घोडा पुढे. महेशचंद्र उंटानं उंट मारतात. कुणीही आधी तो उंट परत घेईल. कॉक्रेन घेत नाही! घोडा उचलून राजाच्या शेजारच्या त्या प्याद्यावर आदळतो. महेशचंद्र आपला घोडा वजिरावर घालतात. आणि आता तीन चालींत मात आहे, दिसते का? घोडा बाजूला होतो तोच स्वतःही शह देतो आणि मागं दडलेला वजीरही. दुहेरी शह, मारून किंवा आड घालून वाचवता येत नाही. राजा कोपऱ्यात. मग वजीर थेट राजाच्या कानाशी जाऊन बसतो, मरायलाच. हत्तीला तो घ्यावा लागतो. आणि आता राजाभोवतीचं प्रत्येक घर त्याच्याच माणसांनी अडवलेलं. घोड्याची शेवटची उडी. मात.

या दोघांनी मिळून शेकडो डाव खेळले आणि महेशचंद्रांनीही कॉक्रेनला कमी रडवलं नाही, हे जाता जाता लक्षात असू द्या. पण आपल्याला हवं ते मिळालं. तट पाडायला फौज लागत नाही, राजाशेजारचं एक प्यादं लागतं, ज्याच्यामागं राजाशिवाय फारसा कुणाचा जोर नसतो. आणि समोर पडलेला माल न उचलण्याची छाती लागते.

चला परत. चिलीम विझायला आली असेल.

ओसरीवर ऊन सरकलंय आणि माणसं वाढलीत. आतून कुणी बाई ओरडते, “भाकरी गार झाली, मग खा त्ये हत्ती-घोडे!” आबा ऐकलं न ऐकलंसं करतात. दोन्हीकडचे सल्लागार ठरलेत: कारकून तुमच्या कानाशी, चाचा आबांच्या. इथं सल्ला देणं ही चोरी नव्हे, करमणूक आहे. शांतता पाळा असं म्हणालात तर तुम्हालाच बाहेर काढतील.

या वेळी तुम्हीही एकेक घर चालता. आबा तीच मांडणी उभी करतात: प्यादं, प्यादं, उंट, घोडा. तुम्ही मात्र त्यांच्या उंटाला वाट द्यायची नाही म्हणून मध्य बंद ठेवता आणि आपला उंट लांबच्या तिरप्या वाटेवर बसवता. ती वाट कापडावर दिसत नाही, बोट न लावता मनात मोजा: एक, दोन, तीन, आणि चौथ्या घरात राजाशेजारचं ते प्यादं. आबा कोपऱ्यातला उंट बाहेर काढतात. म्हणजे पुढची चाल राजाची उडी. आत्ता!

तुम्ही उंट त्या प्याद्यावर घालता. “शह.”

क्षणभर धारेचं चाकही थांबल्यासारखं वाटतं, आणि मग एकच कालवा. “उंट फुकट दिला!” “फुकट कसला, उडी गेली म्हाताऱ्याची!” चाचा कपाळावर हात मारतात. आबा पहिल्यांदाच मान वर करून तुमच्याकडे बघतात, मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटतात आणि राजानं उंट मारतात. मारावाच लागतो. पण राजा आता उघड्यावर आला, आणि तटामागं जायची त्याची शिडी गेली.

पुढचा तास कसा जातो तुम्हाला कळत नाही. घामाचे थेंब कापडावर पडतात. मुंग्या पायांवर चढतात. कुणीतरी तुमच्या हातात ठेचा-भाकरी देतं, ठेच्यानं डोळ्यांत पाणी येतं आणि त्याच ओल्या डोळ्यांनी तुम्ही घोड्याचा शह शोधता. तुमचा राजा उडी घेऊन केव्हाच कोपऱ्याच्या दिशेनं गेलाय. त्याच्यापुढचं घोड्याचं प्यादं तुम्ही हल्ल्याला धाडलंय आणि त्याच पट्टीत मागं हत्ती लावलाय. आबांचा वजीर पडतो. मग हत्ती. मग दुसरा. एकेक मोहरा पटाबाहेर आला की पोरं तो धुळीत रांगेत मांडतात.

आता आबांपाशी राजा आणि एक उंट. तुमच्यापाशी हत्ती, घोडा, प्यादी. झालंच, असं तुम्हाला वाटतं. कारकून कानात कुजबुजतो, “उंटाला हात लावू नका.”

का?

कारण तो शेवटचा आहे. राजा एकटा उरला की डाव तिथंच थांबतो. त्याला बुर्जी म्हणतात. कुठं ती अर्धी जीत धरतात, कुठं बरोबरी. या ओसरीवर बरोबरी. तेव्हा समोरच्याची फौज कापायची, पण सगळी नाही. एक जिवंत ठेवायचा आणि त्याच्या देखत राजाला मात द्यायची. त्यातही घोड्या-हत्तीनं दिलेली मात म्हणजे ठीकच; खरा मान प्यादमातीचा, सगळ्यांत हलक्या मोहऱ्यानं सगळ्यांत मोठ्याला मारण्याचा. प्यादं शेवटच्या ओळीला नेऊन वजीर करू म्हणाल तर तेही मनासारखं नाही. ज्याच्या घरात पोचेल त्याच मोहऱ्याचा जन्म त्याला मिळतो, हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. ओसरीवरचा प्रत्येक जण आता तुमच्या त्या घोड्याच्या प्याद्याकडे बघतोय. अजून दोन घरं. राजा कडेला रेटलेला. “प्यादमात! प्यादमात!” पोरं ताल धरतात.

आणि आबांचा उंट वेडापिसा होतो. तो तुमच्या हत्तीपुढे येऊन उभा राहतो: मार. तुम्ही मारत नाही. तो घोड्याच्या तोंडाशी जातो: मार ना. तुम्ही घोडा हलवता. वाणी हसून हसून मांडीवर थापा मारतो. आबांचा चेहरा तोच, काठीसारखा कोरा. तुम्ही प्यादं एक घर पुढे घेता. आता एकच चाल, आणि मात.

आबा उंट उचलतात आणि पटावरून तिरपा, टोकापासून टोकापर्यंत ओढत नेतात. काळ्या-पांढऱ्या पटावर ती रेघ तुम्ही हजारदा पाहिली असती. तुमच्या राजाला चिकटून, घोड्याच्या प्याद्यानं मोकळ्या केलेल्या त्या घरात उंट टेकतो.

“शह, पाव्हणं.”

राजा हलवा. कुठं? एका बाजूला तुमचाच हत्ती, पुढे तुमचंच प्यादं, मागं पट संपला. आड घालायला मध्ये घर नाही. त्या उंटाला कुणाचाही जोर नाही आणि तुमच्यापाशी दुसरी चालही नाही. मारावाच लागेल. तुम्ही कारकुनाकडे बघता. तो आढ्याकडे बघतोय.

तुम्ही उंट मारता.

“बुर्जी!” चाचा उठून उभे राहतात, पानाचा डबा कलंडतो, कात आणि सुपारी घोंगडीवर सांडते. पोरं ती वेचायला झेपावतात. कारकून म्हणतो, हत्ती त्या पट्टीत न्यायलाच नको होता. वाणी म्हणतो, हत्ती बरोबर होता, राजापुढचं प्यादं आधीच एक घर सरकवायला हवं होतं, म्हणजे कोंडमारा झाला नसता. कारकून मोहरी परत मांडून दाखवू लागतो, वाणी त्याच्या हातातून हत्ती हिसकावतो, मागून कुणीतरी तिसराच म्हणतो की उंट फुकट घालवला तिथंच डाव गेला, आणि त्याला चौघं एकदम गप्प करतात. आबा मूठभर फुटाणे तुमच्यापुढे सरकवतात आणि ओसरीच्या टोकाला बसलेल्या एका पोराला हाक मारतात, “ए, तू बस आता. पाव्हण्यांना जरा सरकू द्या.”